परवान्याचे ऋण

वैद्याने व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी काय काय साधलेले असावे, हे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्रमाने सांगितले आहे. त्याने शास्त्राचे अध्ययन केलेले असावे, त्याच्या अर्थाचे चिंतन केलेले असावे, कर्म डोळ्यांनी पाहिलेले असावे, स्वतःच्या हातांनी त्याचा सराव केलेला असावा. आणि हे सर्व झाल्यावर त्याने राजाची अनुज्ञा घ्यावी. विद्या आली, हात बसला, तरी रुग्णाच्या दारात जाण्यापूर्वी राज्याची संमती हवीच, असा याचा अर्थ. त्याच सूत्रस्थानात आणखी एक वचन आहे आणि ते पहिल्याइतके कोणाच्या स्मरणात राहत नाही. लोभापायी माणसे मारणारा कुवैद्य राजाच्या दोषामुळे वावरत असतो, असे तेथे म्हटले आहे. पहिल्या वचनाने राजाच्या हाती अधिकार दिला. दुसऱ्याने त्या अधिकाराचा भार त्याच्या शिरावर ठेवला. ज्याने अनुज्ञा द्यावयाची, त्यानेच त्या अनुज्ञेच्या परिणामांची जबाबदारी घ्यावयाची, हा या दोन वचनांचा मेळ आहे.

हा जुना विचार आज पुन्हा आठवण्याचे कारण रुग्णवाहिका हे आहे. वैद्यकाच्या परवान्याचा प्रश्न आपल्या काळात दवाखान्यापेक्षा रस्त्यावर अधिक तीव्रतेने उभा राहतो. जखमी मनुष्याला कोणी उचलावे, कोणत्या वाहनातून न्यावे, वाटेत त्याला श्वास कोणी द्यावा, सुई कोणी टोचावी आणि कोणत्या इस्पितळाने त्याला आत घ्यावे, या सर्वांविषयी आधुनिक राज्याने नियम केले आहेत. हे नियम चांगले की वाईट, हा कारभाराचा प्रश्न झाला. त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे आणि तो असा: एक मनुष्य मरणाच्या दारात आहे, दुसरा त्याला वाचवू पाहत आहे, या दोघांच्या मध्ये उभे राहून ‘थांब, तुझा परवाना दाखव’ असे म्हणण्याचा अधिकार राज्याला कोठून मिळतो?

प्रथमदर्शनी असा अधिकार कोणालाच असू नये असे वाटते. भुकेल्यास घास देण्यासाठी कोणी अर्ज करीत नाही. विहिरीत पडलेल्याला बाहेर काढणाऱ्याची पोहण्याची परीक्षा आपण घेत नाही. मग रस्त्यावरच्या जखमीला मदत करण्यासच परवाना का? व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी आणखी एक पाऊल पुढे जाईल. तो म्हणेल की, शिंपी वाईट असला तर गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे जाते. वाईट दुकान आपोआप बंद पडते. तेव्हा रुग्णवाहिकेचाही बरेवाईटपणा लोकच ठरवतील, राज्याने त्यात का पडावे?

या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु तो ज्या मनुष्याला गृहीत धरतो, तो मनुष्य येथे उपस्थितच नाही. शिंपी बदलणारा गिऱ्हाईक शुद्धीवर असतो, त्याच्यापाशी वेळ असतो, चार ठिकाणी विचारपूस करण्याइतके बळ असते. दवाखान्यात बसलेला साधा रुग्णही उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. रस्त्यावर रक्तबंबाळ पडलेल्या मनुष्यापाशी वेळ नाही, माहिती नाही आणि बहुधा वाचाही नाही. महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे विशेष जाणवावे. परक्या प्रांतातील एखाद्या स्थानकावर एखादा प्रवासी बेशुद्ध पडला, तर त्याचे नाव, गाव, भाषा यांतले काहीच कोणास ठाऊक नसते. जी गाडी येईल तीत त्याला घातले जाते; जे हात येतील त्यांच्या स्वाधीन त्याचे शरीर होते. त्याने त्यांना निवडलेले नसते आणि नाकारण्याचेही सामर्थ्य त्याच्या ठायी नसते. अशा वेळी त्याच्या वतीने कोणीतरी आधीच चौकशी करून ठेवलेली असणे आवश्यक आहे. परवाना म्हणजे ही आधी करून ठेवलेली चौकशी होय. बेशुद्ध मनुष्याने विचारले असते ते प्रश्न राज्याने त्याच्यासाठी आगाऊ विचारावेत, एवढ्यासाठीच राज्याला या दोघांच्या मध्ये उभे राहण्याचा हक्क पोहोचतो. या हक्काला दुसरे कोणतेही अधिष्ठान नाही, आणि पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीतून निघते.

अशी चौकशी कोणीच केली नाही म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेसारख्या संपन्न देशाने दाखवून दिले आहे. तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 1966 साली अपघाती मृत्यू व अपंगत्व यांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे सुमारे 12,000 व्यावसायिक चालवीत होते, असे त्यात नमूद आहे. कारण अगदी साधे होते: मनुष्याला आडवे निजवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्यापाशीच असे. जी गाडी सकाळी शव नेई, तीच दुपारी जखमीला नेई. या व्यावसायिकांत दुष्टपणा होता असे मानण्याचे कारण नाही. आपल्या गावाची सोय म्हणूनच पुष्कळांनी हे काम अंगावर घेतले असेल. तथापि मनुष्य वाटेत दगावला तर ज्याला एक गिऱ्हाईक मिळते, त्याच्याच हाती त्याला वाटेत जिवंत ठेवण्याचे काम असावे, ही व्यवस्था कोणाही विचारी माणसाला खटकल्याशिवाय राहणार नाही. ती कोणी मुद्दाम रचली नव्हती. ज्याविषयी कोणीच काही ठरवत नाही, ते ज्याच्या हाती साधन असेल त्याच्या सोयीने ठरते, एवढेच.

त्याच सुमारास पिट्सबर्ग शहरात जे घडले, ते या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने दोनदा वाचण्यासारखे आहे. एकदा ते परवान्याच्या बाजूने साक्ष देते आणि एकदा त्याच्या विरुद्ध. त्या शहरात तोवर जखमीला बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेत. गाडीत स्ट्रेचर असे, पण रुग्णाच्या उशाशी बसून त्याला सांभाळणारे शिकलेले माणूस नसे. 1966 च्या नोव्हेंबरात त्या राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स एका जाहीर सभेत कोसळले, त्यांना अशाच रीतीने नेण्यात आले, आणि काही दिवसांनी ते निवर्तले. त्याच वर्षी तेथील एका भूलतज्ज्ञाची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. हे गृहस्थ म्हणजे पीटर सफार. तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची पद्धत शास्त्रीय कसोटीवर उतरवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते. घर आणि इस्पितळ यांच्या मधल्या वाटेवर वैद्यकशास्त्र गैरहजर असते, हे त्यांनी ओळखले होते. ती उणीव भरून काढण्याच्या कामाला ते लागले.

यासाठी त्यांना माणसे मिळाली ती शहरातील हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून. 1967 साली ‘फ्रीडम हाउस’ या नावाने ही सेवा उभी राहिली. तीत आलेल्या तरुणांपैकी कित्येक बेकार होते, काहींचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते, काही सैन्यातून परतलेले होते. त्यांना सुमारे 300 तासांचे शिक्षण देण्यात आले: शरीररचना, श्वासमार्ग मोकळा करणे, हृदयाची गती पुन्हा चालू करणे, रक्तस्राव थांबवणे, प्रसूती पार पाडणे. ज्या माणसांना समाजाने कोणत्याच कामास लायक धरले नव्हते, त्यांनी त्या देशातील तातडीच्या वैद्यकीय सेवेचा नमुना घालून दिला. पुढे या सेवेच्या वैद्यकीय संचालक नॅन्सी कॅरोलिन यांच्याकडेच केंद्र सरकारने पॅरामेडिकांसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम लिहिण्याचे काम सोपवले. येथपर्यंतची हकीकत परवान्याच्या मूळ कल्पनेचा गौरव करणारी आहे. माणसाचा रंग कोणता, तो कोणत्या आळीत राहतो, याला काही अर्थ नाही; त्याला काय येते, हे पाहावे. शिक्षण द्यावे, परीक्षा घ्यावी, आणि जो उतरेल त्याच्या हाती प्राण सोपवावेत.

पुढची हकीकत मात्र वेगळी आहे. 1975 साली शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि ‘फ्रीडम हाउस’ बंद झाले. तेथील माणसांना नव्या सेवेत सामावून घेण्याचे ठरले होते. परंतु आत गेल्यावर नव्या परीक्षा आल्या, पूर्वायुष्याची चौकशी आली, अनुभवी माणसांना नवख्यांच्या हाताखाली दुय्यम कामे देण्यात आली. आणि बरेचजण थोड्याच काळात बाहेर पडले. त्यांच्यापैकी टिकून राहिलेल्यांनी नंतर ही गोष्ट जाहीरपणे सांगितली आहे. ज्यांच्या कामावरून पात्रतेचे माप तयार झाले, त्याच माणसांना त्या मापाने अपात्र ठरवण्यात आले. परीक्षा तीच, प्रमाणपत्र तेच, शिक्का तोच. मात्र त्यामागचा प्रश्न पालटला होता. ‘बेशुद्ध मनुष्याच्या उशाशी याला बसवावे काय?’ हा पूर्वीचा प्रश्न. ‘आमच्यात याला बसू द्यावे काय?’ हा नंतरचा. पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार राज्याला असहाय मनुष्याकडून मिळालेला असतो. दुसरा विचारण्याचा अधिकार त्याला कोणीच दिलेला नसतो.

परवान्याचा हा दुसरा चेहरा नेहमी इतका उघड नसतो. अमेरिकेतील काही राज्यांत रुग्णवाहिका चालवू इच्छिणाऱ्याला केवळ आपली पात्रता दाखवून भागत नाही. या भागात आणखी एका सेवेची गरज आहे, हेही सिद्ध करावे लागते. या गरजेच्या दाखल्यास आधीपासून धंद्यात असलेले लोक हरकत घेऊ शकतात. केंटकी राज्यातील अशा नियमाविरुद्ध शेजारच्या ओहायो राज्यातील एका कंपनीने दाद मागितली. 2023 साली अपील न्यायालयाने, राज्याच्या सीमेपलीकडे होणाऱ्या वाहतुकीपुरता हा नियम घटनेशी विसंगत ठरवला. राज्यांतर्गत वाहतुकीपुरता तो टिकून राहिला. या नियमाच्या बाजूनेही काही बोलता येते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. शहरातील फायद्याच्या फेऱ्या नव्या गाड्यांनी उचलल्या, तर दूरच्या खेड्यात तोट्याने जाणारी जुनी सेवा मोडून पडेल, असे त्याचे समर्थक म्हणतात. हे भय खोटे नाही. परंतु मग त्या समर्थनाची कसोटीही खेड्यातच लागली पाहिजे. ज्याला शहरातील मक्तेदारी खेड्याच्या नावाने दिली, त्याची गाडी खेड्यात खरोखर जाते काय, हे पाहणारा कोणी आहे काय? नसेल, तर खेड्याचे नाव आणि शहराचा फायदा एवढाच त्याचा हिशेब उरतो.

आता आपल्या देशाकडे वळू. येथील अनुभव निराळा आहे. किंबहुना उलट आहे. आपल्याकडे परवान्याने जितके अनर्थ केले, त्याहून अधिक परवान्याच्या सावलीने केले. 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या अर्जावर जो निकाल दिला, त्याच्या मुळाशी असलेली घटना अशी: एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली. कोणा सज्जनाने त्याला जवळच्या इस्पितळात नेले. तेथील डॉक्टरांनी सांगितले की पोलिस-प्रकरणे हाताळण्यास हे इस्पितळ अधिकृत नाही. त्यासाठी सुमारे वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात जावे. त्या वाटेवर तो मनुष्य मेला. यातील दारुण भाग पुढेच आहे. न्यायालयात जेव्हा कायद्याची पाने उलटण्यात आली, तेव्हा पोलिस येईपर्यंत जखमीला हात लावू नये असे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही, हे स्पष्ट झाले. जो निषेध कोणी लिहिलाच नव्हता, त्याने एक मनुष्य मारला. तुझा अधिकार नाही, हे ऐकत ऐकत इतके दिवस गेले होते की, अधिकार आहे तेथेही हात पुढे होईना.

याविषयी आपल्या परंपरेत काय सांगितले आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. कौटिल्याचे राज्य कोमल मनाचे नव्हते. प्रजेच्या हालचालींवर त्याची नजर बारीक होती. लपवलेल्या जखमेवर उपचार करून घेणारा कोणी आला, तर वैद्याने ते गोप व स्थानिक या अधिकाऱ्यांस कळवावे, न कळवल्यास तोही अपराधी, असा नियम अर्थशास्त्रात आहे. आजच्या पोलिस-प्रकरणाचा हा पूर्वजच म्हणावयास हरकत नाही. परंतु लक्षात घेण्याजोगे हे की, वैद्याने कळवावे असे कौटिल्य म्हणतो. कळवीपर्यंत उपचार थांबवावा असे तो म्हणत नाही. राज्याला माहिती हवी आहे, पण त्या माहितीची किंमत जखमीच्या रक्ताने चुकती करावी अशी त्याची अपेक्षा नाही. इतका संशयी राजनीतिज्ञ जे बोलला नाही, ते आपण विसाव्या शतकात आपल्या मनाने नियम म्हणून पाळीत होतो. न्यायालयाने 1989 च्या निकालात स्पष्ट केले की प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, तो सरकारी असो वा खाजगी, आद्य कर्तव्य आहे आणि कोणतीही प्रक्रिया त्याच्या आड येऊ शकत नाही.

येथवर आपण परवाना कोणाला अडवतो याचा विचार केला. पण त्याहून कठीण प्रश्न उरलाच आहे. ज्याला परवाना आहे तो आलाच नाही तर काय? बंगालमधील एका शेतमजूर संघटनेच्या सभासदाची हकीकत सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालात आहे. 1992 च्या जुलैत तो आगगाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. त्याला प्राथमिक आरोग्यकेंद्रातून कलकत्त्याच्या एका सरकारी इस्पितळात, तेथून दुसऱ्या, तेथून तिसऱ्या, असे फिरवण्यात आले. कोठे साधने नव्हती, कोठे खाट रिकामी नव्हती. शेवटी एका खाजगी इस्पितळात पैसे मोजून त्याच्यावर उपचार झाले. या साऱ्या इस्पितळांना अधिकार होता, मान्यता होती, पाट्या होत्या. न्यायालयाने राज्याला भरपाई देण्यास सांगितले आणि पैशाची तंगी हे या कर्तव्यातून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही असे बजावले.

माझ्या मते या निकालात परवान्याच्या नीतीचे मर्म सापडते. राज्य जेव्हा म्हणते की, हे काम अमक्यानेच करावे, इतरांनी करू नये, तेव्हा ते दोन वाक्ये बोलत असते. एक मोठ्याने आणि एक मनातल्या मनात. मोठ्याने बोललेले वाक्य निषेधाचे असते. मनातले वाक्य असे असते की, ‘तुम्हाला थांबवले आहे, तेव्हा येण्याची जबाबदारी आता माझी.’ ज्याने दुसऱ्याचा हात धरला, त्याने त्या हाताचे काम अंगावर घेतले. निषेध फुकट मिळत नाही. प्रत्येक निषेधामागे राज्याच्या नावे एक ऋण लिहिले जाते. ते ऋण फेडावयाचे ते रस्त्यावर, वेळेवर, रात्री दोन वाजता, पावसात आणि जेथे मतदार थोडे आहेत त्या डोंगराच्या वाडीतसुद्धा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला सर्वांत बळकट वाटतो. कोणी म्हणेल की, हे ऋण फेडण्याइतकी संपत्ती गरीब राज्यापाशी नसेल, तर त्याने नियमच सैल ठेवावेत. आडगावी जीपगाडीवाला जखमीला घेऊन निघाला, गाडीत प्राणवायूची नळकांडी नाही, सोबतीला शिकलेला माणूस नाही. पण तो निघाला तरी. त्याला नियमात बसवावयास गेलात, तर तो घरी बसेल आणि जखमी तेथेच मरेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो एका नेहमीच्या अन्यायावर बोट ठेवतो. वाईट उपचाराने मेलेला मनुष्य डोळ्यांना दिसतो. त्याची चौकशी होते, वर्तमानपत्रांत मथळे येतात, अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. कोणीच न आल्यामुळे मेलेला मनुष्य मात्र कोणाच्या हिशेबात येत नाही. तो आपल्या नशिबाने मेला, असे म्हणून लोक घरी जातात. त्यामुळे कारभार करणाऱ्याचा कल स्वभावतःच निषेध कडक करण्याकडे आणि पुरवठ्याकडे कानाडोळा करण्याकडे असतो. एकात त्याची अब्रू जाण्याची भीती असते. दुसऱ्यात कोणी विचारीतच नाही.

तथापि या आक्षेपातून ‘नियम नकोत’ असा निष्कर्ष निघत नाही. जीपवाल्याला घरी बसवणे चूक आहे. त्याचप्रमाणे जीपवाल्यावरच खेड्याने सदैव समाधान मानावे असे म्हणणेही चूक आहे. शहरातील मनुष्याला शिकलेला सोबती आणि खेड्यातील मनुष्याला केवळ चार चाके, अशी विभागणी दयेच्या नावाखाली कायम करणे हा न्याय नव्हे. नियम ठेवावा, पण तो पोहोचेपर्यंत जो हाताशी आहे त्याला मोकळे सोडावे, शक्य तर शिकवावे. आपल्याकडे रुग्णवाहिकांसाठी जी वाहनसंहिता आहे, तीत गाड्यांचे चार प्रकार केलेले आहेत: तातडीने पुढे धावणाऱ्यांचे वाहन, साधी रुग्णवाहतूक, प्राथमिक जीवरक्षण आणि प्रगत जीवरक्षण. एकाच मापाने सर्वांना न मोजण्याची ही दृष्टी योग्य आहे. परंतु गाडी ही माणसापेक्षा नियमात बसवावयास सोपी असते. गाडीची लांबी, दिवे, रंग, आतील स्ट्रेचर हे सर्व फूटपट्टीने मोजता येते. आत बसलेल्याचे हात मोजण्यास अधिक कष्ट पडतात. तातडीच्या वैद्यकीय तंत्रज्ञांना स्वतंत्र व्यवसाय म्हणून कायद्याच्या कक्षेत आणणारा केंद्रीय अधिनियम आपल्याकडे 2021 साली झाला. गाडीला ओळख मिळाली, आता माणसालाही मिळत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण गाडी आधी आणि माणूस मागून, हा क्रम बोलका आहे.

मध्यंतरी आणखी एक कायदा झाला आणि त्याची गरज पडावी हेच विचार करावयास लावणारे आहे. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला पोलिसांनी अडकवून ठेवू नये, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करू नये, इस्पितळाने त्याच्याकडे पैसे मागू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने 2015 साली काढली. 2016 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायद्याचे बळ दिले. 2019 साली मोटार वाहन अधिनियमात दुरुस्ती होऊन सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले. माणुसकी हा गुन्हा नाही, असे राज्याला राजपत्रात छापून सांगावे लागले. ज्या समाजात असे सांगावे लागते, त्या समाजातील माणसे निर्दय झाली असा याचा अर्थ मी करीत नाही. राज्याने वर्षानुवर्षे मदतीभोवती जे कुंपण घातले, त्याचे काटे लोकांच्या अंगात इतके रुतले होते की कुंपण काढल्याची दवंडी पिटावी लागली, असा त्याचा अर्थ आहे. दवंडी अजूनही सर्वांच्या कानी गेली आहे असे नाही. अपघाताभोवती जमलेल्या गर्दीत आजही ‘पोलिसांचे लचांड नको’ हे वाक्य ऐकू येते.

ऋण फेडण्याचा प्रयत्नही झालेला आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. 2005 च्या 15 ऑगस्टला हैदराबादेत 108 या क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि पुढे ती अनेक राज्यांत पसरली. महाराष्ट्रात ती 2014 पासून आहे. तीन आकडे फिरवावेत आणि पैसे न विचारता गाडी यावी, ही कल्पना आपल्या देशात एक पिढीपूर्वी स्वप्नवत वाटली असती. मात्र अनेक ठिकाणी ही सेवा राज्य स्वतः चालवीत नाही. करार करून दुसऱ्याकडून चालवून घेते. त्यात मुळात काही वाईट नाही. परंतु काम दुसऱ्याकडे सोपवता येते, ऋण सोपवता येत नाही. गाडी उशिरा आली, बंद पडली, आत शिकलेला माणूस नव्हता, तर ‘ते कंत्राटदाराला विचारा’ हे उत्तर रुग्णाच्या नातेवाइकांना देण्याचा अधिकार राज्याला नाही. कुवैद्य राजाच्या दोषामुळे वावरतो, असे ज्या ग्रंथकाराने म्हटले, त्याने राजाचा कंत्राटदार ही पळवाट ठेवलेली नाही.

तेव्हा परवान्याला हो म्हणावे की नाही, असा प्रश्न केल्यास माझे उत्तर ‘हो’ असे आहे; पण ते तीन अटींवर. परीक्षा त्याच गोष्टीची घ्यावी जिचा उपयोग उशाशी बसल्यावर होणार आहे. बाकीची चौकशी ही कोणाच्या तरी सोयीची असते. परवाना देताना येण्याची बांधिलकी लिहून घ्यावी. ज्या कागदावर दुसऱ्यांना बंदी आहे पण परवानेदाराला सक्ती नाही, तो मक्ता आहे. आणि परवानेदार पोहोचेपर्यंत जो जवळ आहे त्याचा हात मोकळा ठेवावा. कारण त्या घटकेला त्या जखमीचे सारे राज्य म्हणजे तो एक वाटसरू असतो.

या तिन्ही अटी सोप्या वाटतात, आणि तरीही त्या पाळल्या जात नाहीत याचे कारण उघड आहे. ज्याच्यासाठी हे सर्व आहे तो बोलत नाही. डॉक्टरांच्या संघटना बोलतात, गाड्यांचे मालक बोलतात, कंत्राटदार आणि अधिकारी बोलतात; सर्वांचे म्हणणे कागदावर येते. नियमाचा मसुदा होत असताना तेथे एक खुर्ची रिकामी असते, आणि ती उद्याच्या अपघातातील मनुष्याची असते. तो कोण, हे आज कोणालाच ठाऊक नाही, त्यालाही नाही. तो या ओळी लिहिणारा असेल किंवा वाचणारा असेल. त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून जो नियम लिहिला जाईल, त्याच नियमाला दोन माणसांच्या मध्ये उभे राहण्याचा अधिकार आहे.